नळ्याची यात्रा

मोटरहोम घेऊन झालंय. बत्तीस फूट.
कोथिंबीर आणायला ते बाहेर काढणं म्हणजे
एका जुडीसाठी वऱ्हाड नेणं.
म्हणून मागे जोडायला एक गाडी हवी.
चारी चाकं रस्त्यावर, इंजिन बंद, आत कुणी नाही,
आणि तिनं मुकाट मागून यायचं.

गोशेन, इंडियाना. लोरेन योडरचं आवार.
अच्युत एका जीपखाली वाकून बघतोय,
म्हैस घेताना त्याचे वडील बघायचे तसा,
असं तोच सांगतो. म्हैस मी पाहिलेली नाही.
कुंपणापलीकडून आमिश लोकांची घोडागाडी गेली.
घोड्यानं एकदा आमच्याकडे बघितलं.

सगळ्या गाड्या अशा येत नाहीत,
हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.
इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, असं झालं
की कित्येकींच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही,
त्या आतल्या आत करपतात.
बाहेरून रंग तसाच.
माझ्या नणंदेचं... पण ते असो.

लोरेन सत्तरीची, शर्टाच्या खिशात तीन पेनं.
"माझ्यावर विश्वास ठेवू नका," म्हणते, "पुस्तिका वाचा."
मी चष्मा लावते.
जुनी होंडा चालेल, पण आधी तीन मिनिटं इंजिन चालू,
मग गिअर असा, मग तसा, किल्ली अमक्या खाचेत,
एक फ्यूज काढून ठेवा, आठ तासांनी पुन्हा पहिल्यापासून.
सोवळ्यातला स्वयंपाक झाला हा, मी म्हणते.
अच्युत हसत नाही. तो वजनं लिहून घेतोय.

कोपऱ्यात एक छोटी पिवळी उभी होती.
तिच्या पुस्तिकेत एकच ओळ:
ही गाडी चारी चाकांवर ओढू नये.
कारण दिलेलं नाही. दिलगिरीही नाही.
मी तिच्या टपावर जरा वेळ हात ठेवला.
"ती नाही चालणार," अच्युत म्हणाला.
माहितेय, म्हटलं. म्हणून तर.

शेवटी जीपच.
ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायची, बस्स.
"आणि ओढत नेलेले मैल हिच्या मीटरवर चढत नाहीत,"
लोरेननं सांगितलं, तेव्हा अच्युतचा चेहरा उजळला.
विकताना बरं.

टल्सा, रॉचेस्टर, डेटन, परत टल्सा.
दर वेळी नोकरी त्याची, खोकी माझी.
निघताना सुमनमावशी म्हणाली होती,
काय बाई मजा, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.
सगळे हसले. मीही.
नळ्यात वंगण असतं, ते नसेल तर
आस कोसभर ओरडत जातो,
हे तिला तरी कुठे ठाऊक होतं.
ती स्कूटरवरची बाई.

दुपारी टोबार लागला, साखळ्या लागल्या, वायर जोडली.
दिवे तपासायला अच्युत मागे गेला
आणि मी पुढे चढले, त्या एवढ्या मोठ्या स्टिअरिंगमागे.
"डावा!" दिला. "उजवा!" दिला. "ब्रेक!"
"दिसतोय का?" मी ओरडले.
"दिसतोय!" आवाज लांबून आला, बत्तीस फूट
अधिक टोबार, अधिक जीप.
आरशात तो बोटाएवढा.

मग सवयीनं त्यानं हात हलवला: थोडी मागे घे.
मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.
मागे नाही घेता येत रे,
जोडलेलं असताना मागे घेतलं तर टोबार वाकतो,
लोरेननं सांगितलं तेव्हा तू वजनं लिहीत होतास.
वळायचं तर पुढे जाऊनच.

आवाराला पूर्ण वळसा घालावा लागला.
पिवळीच्या शेजारून गेले, अगदी हळू.
अच्युत बाजूनं चालत होता,
एक हात जीपच्या खिडकीवर,
आत कुणी आहे तसा.